गावाचं मानचिन्ह: स्लोवाकियातल्या खेड्यांच्या ढालीवर नांगराचा फाळ कुठून आला? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

स्लोवाकियात जवळपास २,९०० गावं-शहरं आहेत. कुठल्याही गावात शिरा, वेशीवरच्या पाटीवर, ग्रामकार्यालयाच्या दारावर आणि बसथांब्यावर एक छोटी रंगीत ढाल दिसते. टाटा समूहाच्या मालकीच्या जॅग्वार लँड रोव्हरचा कारखाना २०१८ पासून नित्रा शहरात सुरू आहे. त्यामुळे तिकडे जाणाऱ्या मराठी माणसांच्याही नजरेला या ढाली पडतात, आणि पहिला प्रश्न हमखास येतो: एवढ्याशा खेड्याला राजघराण्यासारखं चिन्ह कशाला?

मानचिन्ह आणि लोगो यांत फरक काय?

लोगो म्हणजे एक ठरावीक चित्र. त्याची रेघ हलली की लोगो बदलला. मानचिन्ह मात्र शब्दांत ठरलेलं असतं. 'निळ्या ढालीत हिरव्या पायथ्यावर चंदेरी फाळ' एवढं वर्णन मंजूर झालं की दहा चित्रकारांनी दहा तऱ्हेचे फाळ काढले तरी चिन्ह एकच. निळा किती गडद, फाळ किती रुंद, हे चित्रकारानं ठरवायचं. म्हणून दोन पाट्यांवरची ढाल थोडी वेगळी दिसली तर लगेच चूक समजू नये.

स्लोवाक भाषेत मानचिन्हाला 'एर्ब' म्हणतात. हा शब्द जर्मन 'एर्बे'वरून, म्हणजे वारशावरून आला. आपल्या 'वतन' शब्दाच्या बराच जवळचा.

ढाल म्हणजे लढाई. मग शेतकऱ्यांच्या गावाला ढाल कशी?

खेड्यांच्या मानचिन्हाचा उगम रणांगणात नाही, कागदपत्रांत आहे. सरदारांनी आणि राजांनी ढालीवर खुणा रंगवल्या हे खरं. पुढे मोठ्या शहरांना राजाकडून मानचिन्हाचं सनदपत्र मिळू लागलं. पूर्व स्लोवाकियातल्या कोशित्से शहराला हंगेरीचा राजा लायोश पहिला यानं १३६९ मध्ये दिलेलं पत्र हे युरोपात शहराला मिळालेल्या अशा पत्रांपैकी सर्वांत जुनं ज्ञात उदाहरण मानतात. स्लोवाकिया तेव्हा हंगेरीच्या राज्यात होता.

खेड्यांच्या वाट्याला अशी सनद सहसा आली नाही. त्यांच्याकडे होता शिक्का. कर, हद्दीचं भांडण, जमीनदाराशी करार, चालचलणुकीचा दाखला, अशा कागदांवर गावाची खूण उमटवावी लागे. ती खूण रिख्तार, म्हणजे गावचा मुख्य, सांभाळत असे. आज गावाच्या ढालीवर जे दिसतं ते बहुतेक वेळा त्या शिक्क्यातलं चित्र असतं. ढाल त्याच्याभोवती नंतर आली. अनेक जुन्या शिक्क्यांत ढालीची चौकट नावालाही नाही, नुसतं चित्र आणि भोवती अक्षरं.

पण फाळच का? आणि त्याच्या शेजारी ती तलवार कसली?

ती तलवार नाही. नव्या माणसाची सर्वाधिक फसगत इथेच होते.

तिकडच्या जुन्या नांगराला जमिनीत जाणारे दोन लोखंडी भाग असत. एक फाळ, 'लेमेश'. तो रुंद, टोकदार, कधी पानासारखा तर कधी बदामासारखा दिसतो. दुसरा 'चेरिएस्लो', म्हणजे फाळाच्या पुढे इसाडाला (नांगराच्या लांब दांड्याला) उभा अडकवलेला लांब सुरा. गवताच्या मुळांनी घट्ट विणलेली ओली जमीन हा सुरा आधी उभी चिरतो, मग मागून येणारा फाळ तिला आडवी कापून उचलतो. आपल्या देशी लाकडी नांगराला असा सुरा नसतो, म्हणून आपल्या डोळ्यांना तो ओळखू येत नाही. शिक्क्यात फाळ आणि सुरा शेजारी शेजारी, टोकं वर किंवा खाली करून, नांगरापासून सुटे काढलेले दिसतात. मूठ असलेली वस्तू तलवार, मूठ नसून वरच्या बाजूला नुसता लांबट दांडा असलेली वस्तू बहुधा नांगराचा सुरा.

नांगर अख्खा न काढता हे दोनच भाग काढण्याची कारणं साधी. लाकूड रानात मिळे, लोखंड विकत घ्यावं लागे, त्यामुळे नांगराचा मौल्यवान भाग तोच. आणि तीनेक सेंटीमीटर व्यासाच्या साच्यात अख्खा नांगर कोरला तर छापताना त्याचा डाग होतो. दोन ठळक आकार स्वच्छ उमटतात.

तोटा असा की शेकडो गावांचे शिक्के एकसारखे झाले. शेजारच्या तीन गावांत फाळ आणि सुराच असेल तर फरक करायला गव्हाच्या लोंब्या, तारा, चंद्रकोर, द्राक्षाचा घड अशी जोड असते. ही जोडच गावाची खरी ओळख. ढाल वाचताना फाळावर थांबू नका, बाजूला काय आहे ते पाहा.

गावाचा जुना शिक्का सापडतो कुठे?

सर्वांत फलदायी जागा म्हणजे हंगेरीची राणी मारिया तेरेझा हिच्या काळातली कुळ-जमीनदार कागदपत्रं. १७६७ पासून पुढच्या काही वर्षांत सरकारी माणसांनी गावोगाव जाऊन ठरावीक नऊ प्रश्न विचारले: जमीनदाराला किती दिवस वेठ देता, कुरण किती, लाकूडफाटा कुठून आणता, अशा धर्तीचे. उत्तरांच्या खाली रिख्तार आणि पंचांची नावं. लिहिता न येणाऱ्यांच्या नावापुढे फुली, आणि गावाला शिक्का असेल तर त्याचा ठसा. त्या वेळी शिक्का नसलेल्या गावांच्या कागदावर फुल्याच फुल्या दिसतात, तेही एक उत्तरच.

त्याखेरीज राज्य अभिलेखागारं, चर्चची दफ्तरं आणि बुडापेस्टचं हंगेरियन राष्ट्रीय अभिलेखागार. कधी मूळ धातूचा साचा गावच्याच कुणाच्या कपाटात निघतो.

ठसे तीन तऱ्हांचे असतात. लाखेवरचा, ओल्या पिठाच्या चकतीवर कागद ठेवून दाबलेला, आणि मेणबत्तीच्या काजळीवर साचा धरून सरळ कागदावर उमटवलेला. काजळीचा ठसा खेड्यांत फार चाले, कारण फुकट. तो नीट उमटला असेल तर बारकावे छान दिसतात, पण बोट लागलं की पुसतो. म्हणून एकाच ठशावर विसंबू नये. एकाच गावाचे तीन-चार कागद पाहिले की पुसट 'फूल' प्रत्यक्षात कोंबड्याचा तुरा निघतो.

शिक्क्यावरची भाषा काळ सांगते. जुने बरेच शिक्के लॅटिनमध्ये: 'सिगिलुम' (शिक्का) हा शब्द किंवा नुसतं त्याचं पहिलं अक्षर 'एस', आणि गावाचं नाव. काही स्लोवाकमध्ये. १८४४ मध्ये हंगेरियन ही राज्यभाषा झाल्यावर हंगेरियन मजकूर वाढला. साच्यावर कोरलेलं वर्ष मात्र जपून वापरावं: ते साचा बनवल्याचं वर्ष असतं, गाव वसल्याचं नाही. गावाच्या वर्धापनदिनाच्या पत्रिकेत ही गल्लत सर्रास दिसते.

शिक्क्याला रंग नसतो. मग ढालीवर रंग आले कुठून?

हे बहुतेक वेळा आज ठरवलेलं असतं, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. काही शहरांच्या शिक्क्यांत रंग रेघांनी दाखवलेले सापडतात. १६३८ मध्ये सिल्व्हेस्टर पेत्रा सांक्ता या जेझुइट पाद्र्याच्या ग्रंथामुळे रूढ झालेली ती पद्धत अशी: ठिपके म्हणजे सोनेरी, कोरी जागा म्हणजे चंदेरी, उभ्या रेघा लाल, आडव्या निळ्या, पाहणाऱ्याच्या डावीकडून उजवीकडे उतरत्या तिरक्या रेघा हिरव्या, उभ्या-आडव्या जाळीचा काळा. पण खेड्यातल्या कोरक्यानं मागे ओढलेल्या रेघा नुसती शोभाही असू शकतात. प्रत्येक आडव्या रेघेला निळा म्हणणं धाडसाचं.

म्हणून आजचा रंगविचार वस्तूवरून होतो. लोखंड चंदेरी, लाकडी दांडा आणि धान्य सोनेरी, पायथ्याचं गवत हिरवं. मैदान, म्हणजे ढालीची मागची जागा, निळं किंवा लाल, क्वचित हिरवं. त्यावर मुख्य नियम असा की सोनेरी-चंदेरी हे 'धातू' आणि लाल, निळा, हिरवा, काळा हे 'रंग'. धातूवर धातू नको, रंगावर रंग नको. कारण व्यवहारातलं आहे: पिवळ्यावर पांढरं किंवा निळ्यावर काळं लांबून दिसत नाही. पायथ्याच्या टेकड्यांना मात्र सवलत चालत आली आहे. खुद्द स्लोवाकियाच्या राष्ट्रचिन्हात लाल मैदानावर निळे तीन डोंगर आहेत.

छपाईसाठी: सोनेरी म्हणजे पिवळा, चंदेरी म्हणजे पांढरा. चांदी दाखवायला करडा रंग भरणं ही सर्वांत नेहमीची चूक, ढाल मळकी दिसते. पांढऱ्या कागदावर चंदेरी ढाल छापायची तर काळी बारीक किनार द्या.

वर्णनात 'उजवीकडे' लिहिलंय, चित्रात ते डावीकडे आहे. चूक कुणाची?

कुणाचीच नाही. मानचिन्हात उजवं-डावं ढाल धरणाऱ्याच्या बाजूनं मोजतात. तो तुमच्यासमोर उभा आहे असं समजा. त्याचं उजवं ते तुमचं डावं.

खरी चूक होते साच्यामुळे. शिक्क्याचा साचा उलटा कोरलेला असतो. कुणी साच्याचा फोटो काढून त्यावरून चित्र केलं की संताची तलवार डाव्या हातात जाते आणि घोडा उलट्या दिशेला पळतो. नेहमी ठशावरून चित्र करावं. फक्त साचाच हाती असेल तर फोटो आरशासारखा उलटवून घ्यावा. अक्षरांवरून खात्री करताना एक खोच आहे: खेड्यातले कोरके पुष्कळदा लॅटिन 'एन' आणि 'एस' ही अक्षरं उलटी कोरत, त्यामुळे एकाच अक्षरावरून दिशा ठरवू नका, पूर्ण शब्द वाचा.

वर्णन वाचायचं कसं?

आधी मैदानाचा रंग, मग पायथा, मग मुख्य वस्तू, शेवटी जोडीच्या वस्तू. समजा असं वर्णन आहे: 'लाल ढालीत हिरव्या पायथ्यावर उजवीकडे चंदेरी फाळ, डावीकडे चंदेरी सुरा, दोन्ही टोकं वर, मध्ये वरच्या बाजूस सोनेरी तारा.' कागदावर ढाल काढा, लाल भरा, तळाशी हिरवी पट्टी. तुमच्या डाव्या हाताला फाळ, उजव्या हाताला सुरा. तारा दोघांच्या मधोमध. त्याला किती टोकं ते लिहिलेलं नाही, अशा वेळी तिकडे सहसा सहा टोकं काढतात. पाच टोकं हवी असतील तर वर्णनात तसं लिहावं लागतं.

ढालीवर माणूस दिसतो तो कोण?

बहुधा गावच्या चर्चचा संत. तोंडावरून ओळखायला जाऊ नका, हातातल्या वस्तू पाहा. तलवारीनं अंगरखा कापून भिकाऱ्याला देणारा घोडेस्वार म्हणजे मार्टिन, मार्टिन शहराच्या चिन्हात हाच आहे. भाल्यानं अजगर मारणारा जॉर्ज. तराजू आणि तलवार घेतलेला पंखवाला मायकेल. तीन सोनेरी गोळे निकोलसचे. जळत्या घरावर पाणी ओतणारा फ्लोरिअन. डोक्याभोवती पाच तारे असलेला पाद्री नेपोमुकचा जॉन, तो संतपदाला १७२९ मध्ये पोचला. त्यामुळे ज्या शिक्क्यावर संत म्हणून तो आहे, तो सहसा त्यानंतरचा. दातेरी चाक कॅथरिनचं. हे चाक आपल्याही शेजारी येऊन गेलं: अल्बुकर्कनं गोवा घेतला तो २५ नोव्हेंबर १५१० हा कॅथरिनचा सणाचा दिवस, म्हणून पोर्तुगीज गोव्याच्या मानचिन्हात तिचं चाक बसलं आणि जुन्या गोव्याचं से कॅथेड्रलही तिच्याच नावाचं आहे.

संत नसेल तर धंदा: आडवे-तिडवे दोन हातोडे खाणीचे, द्राक्षाचा घड आणि वाकडी सुरी मळ्याची. काही चिन्हं गावाच्या नावावरचा खेळ असतात, म्हणजे नावात अस्वल असेल तर ढालीवर अस्वल. नाव आधी, चित्र नंतर. 'इथे पूर्वी फार अस्वलं होती' ही कथा बहुतेकदा चित्र पाहून मागाहून रचलेली.

बहुतेक मानचिन्हं १९९० नंतरचीच का?

शिक्क्यांची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच पातळ झाली. कार्यालयांत नुसत्या अक्षरांचे शिक्के आले आणि चित्र गळालं. १९४८ नंतरच्या कम्युनिस्ट राजवटीत गावाला स्वशासन उरलं नाही, कारभार राष्ट्रीय समित्यांच्या हाती, त्यांच्या कागदांवर राज्याचं चिन्ह. १९९० च्या ३६९ क्रमांकाच्या ग्रामकायद्यानं गावांना पुन्हा स्वशासन आणि स्वतःची प्रतीकं मिळाली. मग गावं अभिलेखागारांकडे वळली. म्हणजे ढाल तीस-पस्तीस वर्षांची आणि तिच्यातलं चित्र अडीचशे वर्षांचं, असं दुहेरी वय असतं.

नवं चिन्ह मंजूर कसं होतं?

ग्रामपरिषद काम सुरू करते. आधी अभिलेखागारात शोध, मग जाणकाराकडून ठशांच्या छायाचित्रांसह लेखी वर्णन आणि रंगीत रेखाटन. हे सगळं गृहमंत्रालयाच्या मानचिन्ह समितीपुढे जातं. समिती ऐतिहासिक आधार, नियम आणि दुसऱ्या गावाशी साम्य तपासते. दुरुस्त्या झाल्या की परिषद ठराव करते आणि चिन्ह देशाच्या मानचिन्ह नोंदवहीत चढतं.

परत येणाऱ्या प्रस्तावांत दोष बहुधा ठरलेले असतात. ढालीवर गावाचं नाव किंवा वर्ष लिहिणं. चर्चची इमारत फोटोसारखी काढणं, नदी, डोंगर, शाळा, कारखाना सगळं एकाच ढालीत कोंबणं. वर मुकुट आणि दोन बाजूंना सिंह उभे करणं, जे खेड्याला शोभत नाही. रंगांच्या सावल्या देणं. आणि जुना शिक्का उपलब्ध असताना तो बाजूला सारून नवं काहीतरी 'आकर्षक' आणणं. या शेवटच्या हौशीला आवर घालावा लागतो तो योग्यच. तीन सेंटीमीटरच्या साच्यातलं चित्र छोट्या जागेची कसोटी अगोदरच पार करून आलेलं असतं.

ढालीचा आकार जवळपास सगळीकडे एकच, उत्तर-गॉथिक: वर सरळ, खाली गोलाकार.

झेंडा आणि शिक्का यांची मापं?

गावाचा झेंडा चिन्हातल्याच रंगांच्या पट्ट्यांचा, रुंदी-लांबी २:३. मोकळ्या टोकाला दोन खाचा मारून तीन शेपट्या करतात, आणि खाचा लांबीच्या एक तृतीयांशापर्यंत आत जातात. १०० गुणिले १५० सेंटीमीटरच्या कापडात खाच ५० सेंटीमीटर. शिवताना खाचेच्या आतल्या टोकाला दुहेरी टीप घाला, वाऱ्यानं कापड पहिल्यांदा तिथेच फाटतं. झेंडा उभा लटकवायचा तर आडव्या झेंड्याची वरची पट्टी पाहणाऱ्याच्या डावीकडे यायला हवी. इमारतींवर ही चूक सतत दिसते.

गावाचा शिक्का गोल, मध्ये चिन्ह, कडेनं 'ओबेत्स' म्हणजे गाव आणि नाव. प्रचलित व्यास ३५ मिलिमीटर. स्तारोस्ताच्या, म्हणजे सरपंचाच्या टेबलावर दोन गोल शिक्के असतात: गावाच्या स्वतःच्या कारभाराला गावचिन्हाचा, सरकारनं सोपवलेल्या कामाला राष्ट्रचिन्हाचा. कागदावर कुठला उमटलाय त्यावरून तो निर्णय कुणाच्या अधिकारातला ते कळतं.

दुकानाच्या पाटीवर किंवा टी-शर्टवर वापरता येईल?

गावाची संमती घेऊन. ग्रामकार्यालयात अर्ज द्या, सोबत नमुना जोडा आणि त्यांच्याकडूनच रेषांकित (व्हेक्टर) फाइल मागून घ्या. इंटरनेटवरच्या लहान चित्रात सुरा आणि मेणबत्ती यांत फरक उरत नाही.

महाराष्ट्रात असं काही होतं का?

होतं, आणि साम्य चकित करणारं आहे. मराठेशाहीतल्या महजरांवर, म्हणजे गोतसभेच्या निवाडापत्रांवर, पाटलाच्या नावापुढे 'निशाणी नांगर' येते. लेखणी कुळकर्ण्याच्या हातात, मजकूर मोडीत, आणि खाली ज्याच्या-त्याच्या धंद्याचं हत्यार ही त्याची निशाणी. तिकडे रिख्तारचा फाळ, इकडे पाटलाचा नांगर, दोन्हींचं काम एकच: लिहिता न येणाऱ्या माणसाचा शब्द कागदावर पक्का करणं. या दोन प्रथांचा एकमेकींशी संबंध नाही.

फरकही मोठा आहे. आपल्याकडे निशाणी वतनाची होती, वतनाबरोबर घराण्यात चालत आली, आणि नांगर गावोगाव तोच. तिकडे साचा गावाचा होता, रिख्तार बदलला की तो पुढच्याच्या हाती जाई, आणि त्यावर गावाचं नाव कोरलेलं असे. म्हणून तिकडच्या खुणेचं गावचिन्ह होऊ शकलं, आपल्याकडची पाटील-देशमुखांच्या दफ्तरातच राहिली.

आमच्या ग्रामपंचायतीला चिन्ह करायचं आहे. काय पाहावं?

आपल्याकडे गावचिन्हं मंजूर करणारी समिती किंवा नोंदवही नाही, म्हणून ग्रामसभेचा ठराव आणि त्यात लिहिलेलं शब्दवर्णन हाच आधार. चारमुखी सिंहाचं राजचिन्ह त्यात घेऊ नका, त्याच्या वापरावर २००५ चा कायदा आहे. विषय शोधायला गावातले वीरगळ, ग्रामदैवताचं वाहन किंवा आयुध, जुना पार, आणि पुण्याच्या पुरालेखागारात पेशवे दफ्तरातले गावचे कागद पाहा. वस्तू एक, फार तर दोन. रंग तीनपर्यंत. मसुदा २० मिलिमीटर व्यासात एकाच शाईनं छापून पाहा. त्या मापात जे ओळखू येत नाही ते काढून टाका.